गव्हाणीतलं बाळ आणि घरातलं बाळ

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक झाली. हप्ते जमा झाले, वही मिटली, आणि चहा येईपर्यंत गप्पा सुरू झाल्या. आमच्या गटात बारा जणी. त्यातल्या आम्ही तिघी ख्रिस्ती. बाकीच्या नऊ जणींच्या घरी नाताळ नसतो, पण आमच्या फराळाचं ताट त्यांच्याकडे जातं आणि दिवाळीचं त्यांच्याकडून आमच्याकडे येतं. हे आमच्या सासूबाईंच्या वेळेपासून चालत आलेलं आहे. त्या दिवशी एक तरुण सून म्हणाली, "काकू, पोरगं अंगणवाडीतून येतं ते सारखं सांताक्लॉज, सांताक्लॉज करतंय. तुमच्या घरी लहान लेकरासाठी नाताळात नेमकं काय करतात हो?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि अडखळले. कारण दोन वर्षांपूर्वी मी स्वतःच ते सगळं उलटं करून बसले होते. तर आधी तेच सांगते.

माझा नातू तेव्हा दोन वर्षांचा होता. पहिलाच नातू, त्याला चालता-बोलता झाल्यावरचा पहिला नाताळ. मला वाटलं, काही कमी पडायला नको. नगरच्या बाजारातून प्लास्टिकचं झाड आणलं, लुकलुकणारी माळ आणली, आणि धाकट्या दिरांसाठी सांताक्लॉजचा मुखवटा आणि दाढी. चोवीस तारखेला संध्याकाळी दीर मुखवटा घालून घंटा वाजवत दारातून आत आले. पोरगं असं किंचाळलं की शेजारचे धावत आले. आईच्या पदरात शिरलं ते रात्रभर बाहेर आलंच नाही. पुढे चार महिने दिरांना बघितलं की ते माझ्यामागे लपायचं. दोन-तीन वर्षांचं मूल माणसाला चेहऱ्यावरून ओळखतं. ओळखीचा आवाज आणि अनोळखी, न हलणारा चेहरा, हे त्याला जमत नाही. आपण हसतो, त्याचा जीव जातो.

आणि तेवढ्यावर भागलं नाही. झाडाशेजारी मी गव्हाण मांडली होती. खाली कडबा पसरलेला, मागे जुन्या साडीचा पडदा, पुढे चार मेणबत्त्या. आम्ही सगळे रडणाऱ्या पोराभोवती. कडब्यानं कधी पेट घेतला कळलंच नाही. धूर झाला तेव्हा सूनबाईनं पाण्याची कळशी उचलली आणि ओतली. पडदा गेला, भिंत काळी झाली, कुणाला काही झालं नाही. पण तो काळा डाग पुढच्या रंगकामापर्यंत रोज माझ्याकडे बघायचा.

त्यानंतरच्या वर्षी, म्हणजे गेल्या साली, आम्ही सगळं नव्याने मांडलं. तसं करायची गरज होती, कारण घरात आणखी एक गोष्ट घडली होती. नोव्हेंबरात सूनबाई दुसऱ्यांदा बाळंत झाली. मुलगी झाली. आणि तीन वर्षांचा नातू, जो वर्षभर कोरड्या अंथरुणात उठायचा, तो पुन्हा अंथरूण ओलं करायला लागला. हातानं जेवणारा मुलगा "भरव" म्हणायला लागला. मी दिवसातून दहा वेळा म्हणायचे, "आता तू दादा झालास, मोठा झालास." आता कळतं, की त्याला नेमकं तेच ऐकायचं नव्हतं. पाठचं भावंडं आलं की या वयाची मुलं अशी मागे जातात, तो हट्ट नसतो आणि आजारही नसतो. पण तेव्हा आम्हाला राग यायचा. आणि अशात आला नाताळ. सणच मुळी एका नव्या बाळाचा!

नाताळ हा शब्द पोर्तुगीजांच्या भाषेतून आपल्याकडे आला. त्याचा अर्थ जन्म, जन्माचा सण. ज्यांच्या घरी हा सण नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. मरीया आणि योसेफ हे गरीब जोडपं. सरकारी नावनोंदणीसाठी त्यांना आपलं गाव सोडून बेथलेहेमला जावं लागलं. मरीयेचे दिवस भरलेले. उतरायला जागा मिळाली नाही. तिथेच बाळ जन्मलं, तिनं ते बाळंत्यात गुंडाळलं आणि गव्हाणीत ठेवलं. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात हे आहे. गोष्ट सांगताना आमच्या नातवानं मधेच विचारलं, "ते ऊसतोडीला गेले होते का?" आमच्या गावाच्या शिवेवर डिसेंबरात ऊसतोडीच्या कोप्या पडतात, लेकरंबाळं घेऊन माणसं पाचटाच्या झोपडीत राहतात, ते तो रोज बघत होता. मी म्हटलं, नाही रे, पण तसंच काहीसं.

बघा, शहरातल्या मुलाला गव्हाण म्हणजे काय हे चित्र दाखवून सांगावं लागतं. आपल्या मुलांना ती गोठ्यात दिसते. म्हणून गेल्या वर्षी मी गोष्ट घरात बसून सांगितलीच नाही. नातवाला गोठ्यात नेलं. गाय वैरण खात होती. त्याचा हात गव्हाणीत ठेवला. दगड गार होता, वैरण टोचत होती. म्हटलं, "इथं बाळ झोपवायचं. कसं झोपवशील?" तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "गोधडी लागेल." त्या एका वाक्यातून आमचा सगळा नाताळ उभा राहिला.

मांडलेली गव्हाण मुलाच्या उंचीला हवी. मोठ्यांच्या उंचीला टेबलावर मांडली की मुलाला फक्त "हात लावू नको" एवढंच ऐकू येतं. आम्ही चुलीपासून लांबच्या कोपऱ्यात पाटावर मांडली. खोकं पुठ्ठ्याचं, छप्पर पाचटाचं. बैल विकत आणायची गरजच नव्हती. पोळ्याला आणलेली मातीची बैलजोडी फडताळात होती, तीच आली. एका बैलाचं शिंग मोडलं होतं, नातवाला तोच जास्त आवडला. मरीया, योसेफ आणि बाळ ओढ्याकाठच्या चिकणमातीचे. काळ्या मातीचे केले तर वाळताना तडकतात. चिकणमातीत थोडा कापूस कुसकरून मळला आणि सावलीत वाळवलं तर चांगले राहतात. नाकडोळे कोरायची घाई करू नका. तीन वर्षांच्या मुलाला एक मोठा गोळा आणि त्यावर एक लहान गोळा दिला तरी त्याला ती आई दिसते.

गंमत अशी, की लूकनं गव्हाण सांगितली आहे, पण बैलाचा किंवा गाढवाचा उल्लेख तिथे नाही. इटलीतल्या ग्रेच्चो नावाच्या गावात संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली नाताळाला खरी गव्हाण, खरा बैल आणि खरं गाढव आणून हा प्रसंग लोकांपुढे मांडला. तो डोळ्यांनी बघता यावा म्हणून. आज जगभर लोक गव्हाण मांडतात त्याला मोठा आधार त्या प्रसंगाचा आहे. म्हणजे ही सुरुवातीपासून बघायची, हात लावायची गोष्ट आहे. मग मुलाला कशाला अडवायचं?

हिरवळीसाठी गहू पेरा. घटस्थापनेला तुम्ही पेरता तसेच. रात्रभर भिजवा, एक दिवस फडक्यात बांधून मोड आणा, मग उथळ ताटलीत माती घालून पसरा. कोकणपट्टीवर काही ख्रिस्ती घरांत नाचणी पेरून गव्हाणीसाठी अशी हिरवळ करतात. नवरात्रात नऊ दिवसांत रोप वर येतं, डिसेंबरच्या थंडीत दोन-तीन दिवस जास्त धरा. म्हणजे बारा तारखेला भिजत घातले तर चोवीसला छान हिरवं दिसेल. पाणी घालायचं काम मुलाचं. मात्र भांडं लहान द्या, नाहीतर पहिल्याच दिवशी गहू पोहतात. आमचे पोहले.

आणि गोधडी. सूनबाईनं बाळंतपणात पडल्या पडल्या, बाळ झोपलं की, वीतभर गोधडी शिवली. तुकडे नातवानं निवडले. त्याच्याच जुन्या झबल्याचा एक, आजोबांच्या धोतराचा एक, माझ्या लुगड्याच्या काठाचा एक. सुई त्याच्या हातात नाही, पण दोरा कुठल्या रंगाचा हे तो सांगायचा. हे शिवण मी मुद्दाम सूनबाईकडे दिलं. दुपारी अर्धा तास तान्हं बाळ माझ्याकडे आणि त्या अर्ध्या तासात आई फक्त त्याची. तो अर्धा तास मिळाला नसता तर बाकीचं सगळं करून काही उपयोग झाला नसता, असं मला वाटतं. झाडापेक्षा, माळेपेक्षा, केकपेक्षा तो अर्धा तास महाग होता. बाळंतिणीला तेवढा काढून द्यायला घरातल्या दुसऱ्या बाईनं उठावं लागतं, आणि पुरुषानं उठलं तरी चालतं.

तीन वर्षांच्या मुलाला "पंधरा दिवसांनी नाताळ" म्हटलं तर काही कळत नाही. त्यासाठी कागदी साखळी करा. जुन्या दिनदर्शिकेच्या पट्ट्या कापायच्या, कणकेच्या खळीनं एकीत एक कडी चिकटवायची, जितके दिवस उरले तितक्या कड्या. रोज सकाळी एक फाडायची. साखळी लहान होताना दिसते, दिवस जवळ येताना दिसतो. काही घरांत चिंचोके किंवा शेंगदाणे मोजायला देतात. ते पाच वर्षांखालच्या मुलाला देऊ नका. श्वासनळीत अडकतात.

आता ओघात आलंच आहे तर धोक्याचं सांगून टाकते. कडबा, पाचट, कापूस, कागद यांच्याजवळ मेणबत्ती नको, पणतीही नको. दिवा लावायचा तर अंगणात, परातीत पाणी घालून मधे. फुटलेल्या फुग्याचा तुकडा लगेच उचला, तो गिळला तर घशाला चिकटून बसतो. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, गोल गोळ्या लहानग्यांच्या हाती नकोत. लाडवात दाण्याचं कूट घाला, दाणा नको. आणि बाजारात लुकलुकणाऱ्या टोप्या आणि गाणारी खेळणी मिळतात, त्यांत बटणासारखा चपटा सेल असतो. तो गिळला तर दोन तासांच्या आतसुद्धा अन्ननलिका आतून भाजू शकते. शंका आली तरी थांबायचं नाही, उलटी काढायला बघायचं नाही, १०८ ला फोन करून सरळ मोठ्या दवाखान्यात. तळणाच्या तेलानं किंवा मेणानं भाजलं तर साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ, हळद, टूथपेस्ट, शाई यातलं काही लावायचं नाही. स्वच्छ कापड टाका आणि दवाखाना गाठा.

फराळ आमच्याकडे तुमच्यासारखाच असतो. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, रव्याचे लाडू, आणि पंचवीस तारखेला जेवणात मटण. पण वसई आणि गोव्याकडे नाताळात कुलकुल करतात, तो पदार्थ लहान मुलासाठी फार चांगला आहे म्हणून सांगते. पाव किलो मैदा, दोन चमचे पिठीसाखर, चिमूटभर मीठ, चमचाभर गरम तूप, आणि मावेल तेवढं नारळाचं दूध घालून पीठ मळायचं. बोराएवढी गोळी घेऊन काट्याच्या चमच्याच्या पाठीवर दाबायची आणि गुंडाळायची. शंखासारखी रेघांची वळकटी होते. काट्याचा चमचा नसेल तर कोरी, धुतलेली फणी चालते. हे दाबून गुंडाळायचं काम तीन वर्षांच्या मुलाला जमतं. वेडंवाकडं होतं, पण तळल्यावर कोण विचारतं? तळताना मात्र मूल स्वयंपाकघराबाहेर. आमच्या नातवानं केलेले कुलकुल वेगळ्या वाटीत ठेवले आणि शेजारच्या ताटांत एकेक घातले. नऊ घरी सांगितलं, हा याच्या हातचा.

गाण्यासाठी मोबाईल लावू नका असं मी म्हणणार नाही, पण स्वतः म्हणा. आमच्या 'उपासना संगीत'मध्ये नाताळाची गाणी आहेत. नारायण वामन टिळक, १८६१ ते १९१९ हा त्यांचा काळ, बरीच वर्षं नगरला राहिले. त्यांनी अभंगाच्या, ओवीच्या वळणानं ख्रिस्ती गीतं लिहिली, म्हणून आमच्या उपासनेत टाळ आणि मृदंग वाजतात. टाळ मुलाच्या हातात दिला की ते गाणं त्याचं होतं. आणि पाळणा तर प्रत्येक आईला येतो. नातवाला आधी त्याच्यासाठी म्हटलेलाच पाळणा आम्ही गव्हाणीपुढे म्हटला.

सांताक्लॉजचं काय, हा त्या तरुण सूनबाईचा मूळ प्रश्न. सांताक्लॉजच्या मागे एक खरा माणूस आहे, संत निकोलस. आजच्या तुर्कस्तानात मायरा नावाचं गाव होतं, तिथला चौथ्या शतकातला धर्मगुरू. गरिबांना गुपचूप मदत करायचा अशी त्याची ख्याती, आणि सहा डिसेंबर हा त्याचा दिवस. मुलाला एवढं सांगा, की एक आजोबा होते, ते नाव न सांगता द्यायचे. मग मुलालाच कुणालातरी नाव न सांगता काही द्यायला लावा. आम्ही रात्री एका आजीच्या उंबऱ्यावर चार लाडू ठेवून आलो. नातवानं सकाळी जाऊन स्वतःच सांगून टाकलं, ते सोडा. मुखवटा नको, आणि "ऐकलं नाहीस तर सांता येणार नाही" ही धमकी तर अजिबात नको. आणि अंगणवाडीतून किंवा शाळेतून लाल पोशाखाचा निरोप आला तर त्यासाठी उसनवारी करू नका. लाल टोपी जुन्या परकराची होते. बाईंना सांगा, बाई समजून घेतात. नाही घेतलं तरी आपलं पोरगं आहे तेवढंच छान दिसतं.

मध्यरात्रीच्या उपासनेला लहान मुलाला ओढत नेऊ नये असं माझं मत. आमच्या भागात डिसेंबरच्या रात्री चांगलाच गारठा असतो. अर्धवट झोपेतून उठवलेलं मूल दुसऱ्या दिवशी सणभर रडतं. आमच्यातल्या एकीनं घरी थांबावं, बाकीच्यांनी जावं, आणि मुलाला पंचवीसला सकाळी चर्चमध्ये न्यावं. पाळकसाहेबांना त्यात काही वाटत नाही, मी विचारलं आहे.

आता गेल्या वर्षीची चोवीस तारीख. आमच्याकडे गव्हाण तोवर रिकामी ठेवतात आणि बाळ त्या रात्री घरातलं सर्वांत लहान, चालतं मूल ठेवतं. पंधरा दिवस हाच मुलगा विचारत होता, बाळ कधी येणार. साखळीची शेवटची कडी फाडली. अंगणात चांदणीचा कंदील लागला. मातीचं बाळ त्याच्या तळहातावर दिलं. त्यानं मूठ मिटली आणि म्हणाला, "नको. बाळ नको."

सगळे गप्प झाले. मी ओरडणारच होते. पाहुणे बसलेले, प्रार्थना व्हायची, आणि हे काय? सूनबाई मला डोळ्यांनीच थांबवत त्याला म्हणाली, "बरं. मग आज गव्हाण रिकामी राहू दे. बाळ तुझ्याकडे ठेव." तो बाळ घेऊन गेला आणि ज्वारीच्या कोठीमागे ठेवून आला. आम्ही रिकाम्या गव्हाणीपुढे पाळणा म्हटला. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

पंचवीसला चर्चमधून आलो. दिवसभर माणसं येत होती. जो येईल तो पाळण्यात वाकायचा, तान्हीच्या हातात दहा-वीसची नोट ठेवायचा. नातू उंबऱ्यात बसून बघत होता. तेवढ्यात आमच्या गटातल्या एक वहिनी आल्या, त्यांनी पाळण्याकडे बघितलं पण नाही, सरळ त्याच्याशेजारी बसल्या. "तुझ्या हातचा कुलकुल खाल्ला मी. आणि तुझी गव्हाण कुठाय? दाखव." तो उठला. गहू दाखवला, मोडक्या शिंगाचा बैल दाखवला, गोधडीतला झबल्याचा तुकडा दाखवला. वहिनींनी विचारलं, "आणि बाळ?" तो कोठीमागे गेला आणि बाळ घेऊन आला. गव्हाणीत ठेवलं, गोधडी घातली, आणि मोठ्यांदा म्हणाला, "हे बाळ चांगलंय. हे आईकडे जात नाही."

वहिनी हसल्या, मीही हसले. सूनबाई हसली नाही. तिनं तान्हीला माझ्या हातात दिलं आणि त्याला मांडीवर घेतलं. भरपूर वेळ घेतलं. तान्ही रडली, तरी उठली नाही. मीच तिला घेऊन अंगणात फिरत राहिले.

त्यानंतर सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. अंथरूण पुढे दोन महिने ओलं व्हायचं. पण मी "तू मोठा झालास" म्हणायचं सोडलं.

गव्हाण आम्ही सहा जानेवारीपर्यंत ठेवली. पूर्वेकडून आलेले मागी लोक बाळाला भेटले, त्याचा हा सण. किती जण होते ते बायबल सांगत नाही, भेटी तीन होत्या, सोनं, ऊद आणि गंधरस, म्हणून लोक तीन धरतात. गोव्यात रेइश मागुश, कासावली आणि चांदर इथे या सणाला तीन मुलं राजे होतात. ऊद तुमच्या ओळखीचाच. थोडा ऊद मी अंगणात निखाऱ्यावर टाकला आणि नातवाला वास दिला. त्याला तो गोठ्यातल्या धुरीसारखा वाटला.

यंदा नातू चार वर्षांचा आहे, तान्ही वर्षाची होऊन भिंतीला धरून चालते. म्हणजे यंदा पाट तिच्याही हाताला येणार, आणि तिला सगळं तोंडात घालायची सवय, म्हणून मातीच्या मूर्ती थोड्या वर मांडाव्या लागतील. खाली तिच्यासाठी कापडी बाहुली ठेवायची असं ठरलं आहे. परवा नातवानं विचारलं, मातीचं बाळ कुठल्या डब्यात आहे. मी फडताळावरचा डबा काढून दिला. बाळाचा एक हात मोडला होता. तो डबा घेऊन ओढ्याकडे निघाला, आणि मागे वळून बहिणीला म्हणाला, "तू नको येऊ, चिखल आहे." मग दोन पावलं परत आला आणि तिला उचलायला बघू लागला. मी धावत गेले, कारण ती त्याच्यापेक्षा फार हलकी नाही.